चौरस्त्यावरचा सौदा आणि तानसेनाची चिंच

ग्वाल्हेरच्या लष्करात, टोपी बाजारातील एका दुकानाच्या माडीवर, आमच्या मराठी तरुणांची मासिक सभा भरत असते. गेल्या पावसाळ्यात त्या सभेत आम्ही एक दाखला दिला. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात रॉबर्ट जॉन्सन नावाचा एक कृष्णवर्णीय गिटारवादक होऊन गेला. त्याला धड वाजवता येत नव्हते. मध्यरात्री तो एका चौरस्त्यावर गेला व तेथे भेटलेल्या सैतानाला त्याने आपला आत्मा विकला. सैतानाने त्याची गिटार सुरात लावून परत केली. पुढे त्याच्यासारखे वाजवणारा कोणी उरला नाही, आणि अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तो तळमळत मेला. हा दाखला आम्ही स्वतः विद्यार्थिदशेत एका प्रवचनात ऐकला होता, व तो श्रोत्यांवर कसा परिणाम करतो हे आम्हांस ठाऊक होते. त्या संध्याकाळीही माडीवर शांतता पसरली.

सभा संपल्यावर उपासनेत गिटारची साथ करणारा एक तरुण आमच्यापाशी थांबला. तो म्हणाला, "फादर, लहानपणी माझा आवाज फुटेना, म्हणून आजीनं मला तानसेनाच्या समाधीपाशी नेऊन तिथल्या चिंचेचा पाला चघळायला लावला होता. मग माझा सौदा कुणाशी झाला म्हणायचा?" आम्ही हसलो आणि वेळ मारून नेली. पुढच्या रविवारी गायनवृंदातील त्याची जागा रिकामी होती. त्यापुढच्या रविवारीही होती. चौकशी करता कळले की, गिटार कपाटावर चढवून ठेवली आहे.

त्यानंतरचे काही महिने आम्ही मिळतील तेवढ्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकण्यात व या वादकांची चरित्रे वाचण्यात घालवले. प्रस्तुत लेख हे त्याचे फळ होय. आम्ही दिलेला दाखला खोटा होता, एवढे आरंभीच सांगून टाकणे बरे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना ब्लूज हा संगीतप्रकार अपरिचित असेल, म्हणून थोडा परिचय करून देतो. गुलामगिरीतून कायद्याने मुक्त झालेल्या परंतु कर्जाने व अर्धेलीच्या शेतीने पुन्हा जखडल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांमध्ये, अमेरिकेच्या दक्षिण भागात, विसाव्या शतकाच्या प्रारंभी हे गाणे आकारास आले. त्याची नेहमीची बांधणी साधी असते. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यायचे. प्रत्येक ओळ संपल्यावर जी जागा उरते ती गिटारने भरायची. आपल्याकडे भजनात बुवांनी ओळ टाकावी आणि मंडळींनी ती उचलावी, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे सारी मंडळी म्हणजे गायकाच्या मांडीवरील एक गिटार. गिटारला पडदे असल्यामुळे सूर ठरावीक जागीच मिळतात. गळा मात्र दोन सुरांच्या मधून जातो. तेव्हा बाटलीची मान बोटात घालून, किंवा चाकूचे पाते तारेवर टेकवून, हे वादक सूर घसरवीत नेत. आपण ज्याला मींड म्हणतो, तीच ही. हाफिज अली खाँसाहेबांचे (१८८८–१९७२) सरोदवादन ज्या शहराने ऐकले, त्या शहरातील श्रोत्याला बिनपडद्याच्या तारेचे सामर्थ्य समजावून सांगावे लागू नये.

आता चौरस्त्याकडे वळू. रॉबर्ट जॉन्सनने नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनिओ येथे व जून १९३७ मध्ये डॅलस येथे मिळून २९ गीते ध्वनिमुद्रित केली. १६ ऑगस्ट १९३८ रोजी तो ग्रीनवुडनजीक मरण पावला. त्याच्या गीतांपैकी एक चौरस्त्यावरचे आहे, आणि दंतकथेला आधार म्हणून नेहमी त्याच गीताकडे बोट दाखवले जाते. आम्ही ते गीत लक्ष देऊन ऐकले. त्यात सैतान येतच नाही. त्यात गुडघे टेकून प्रभूची करुणा भाकणारा एक माणूस आहे. तो रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या गाड्यांना हात करतो, कोणी थांबत नाही, आणि अंधार पडू लागलेला आहे. त्या काळच्या मिसिसिपीत अनोळखी वाटेवर सूर्यास्तानंतर सापडणे कृष्णवर्णीय माणसाला किती धोक्याचे होते, हे ज्याला माहीत आहे त्याला त्या आवाजातील घाई उमगते. दाखला देताना आम्ही एका प्रार्थनेचा सौदा करून टाकला होता.

सैतानाची प्रतिमा जॉन्सनने वापरलीच नाही, असे आमचे म्हणणे नाही. १९३७ च्या एका गीतात सैतान सकाळी दार ठोठावतो आणि गायक त्याच्याबरोबर चालू लागतो. परंतु गीतातील पात्र आणि गायकाचे चरित्र एकच मानण्याची चूक आपण स्तोत्रकर्त्यांच्या बाबतीत करीत नाही. मग येथे का करावी?

शिवाय ही कथा मुळात त्याची नव्हेच. ती टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्या एका वादकाची. त्याचे व रॉबर्टचे काही नाते नव्हते. टॉमीबद्दल ही हकीगत सांगितली ती त्याचा भाऊ लेडेल याने, व संशोधक डेव्हिड इव्हान्स यांनी ती १९७१ साली प्रसिद्ध केली. लेडेल जॉन्सन हा धर्मोपदेशक होता! रॉबर्टच्या बाबतीत, पोरगा वाजवता येत नसताना निघून गेला आणि थोड्याच काळात परत येऊन सर्वांना मागे टाकून बसला, असे आश्चर्याचे उद्गार सन हाउस या ज्येष्ठ वादकाने काढले होते. हाउससुद्धा तरुणपणी बॅप्टिस्ट उपदेशक होता. म्हणजे सैतानाच्या या कथेला जन्म देण्यात व्यासपीठावरील मंडळींचा हात मोठा आहे. पुढे ध्वनिमुद्रिका विकणाऱ्यांनी ती उचलली, कारण कथेमुळे माल खपतो. आज क्लार्क्सडेल गावी दोन महामार्गांच्या जुन्या छेदावर गिटारींचे स्मारक उभे आहे, आणि पर्यटक तेथे छायाचित्रे काढून घेतात.

वस्तुस्थिती काय होती? जॉन्सन त्या मधल्या काळात आइक झिमरमन नावाच्या एका प्रौढ वादकाच्या घरी राहून शिकत होता. झिमरमनच्या मुलीने सांगितलेल्या आठवणीनुसार हे दोघे रात्री दफनभूमीत जाऊन सराव करीत, कारण तेथे कोणाची झोपमोड होत नसे. याखेरीज जॉन्सनने त्या वेळच्या ध्वनिमुद्रिका कान देऊन ऐकल्या होत्या. लिरॉय कार, लॉनी जॉन्सन, कोकोमो आर्नल्ड, स्किप जेम्स आणि स्वतः सन हाउस यांच्याकडून त्याने काय काय घेतले, हे आज ओळीओळीने दाखवता येते. एक गुरू, एक शांत जागा, भरपूर ऐकणे आणि भरपूर रात्री: एवढीच ती जादू. आमच्या दाखल्याने झिमरमनला पुसून टाकले व त्याच्या जागी सैतानाला बसवले. खोटी साक्ष देण्याविषयीची आज्ञा मृतांच्या बाबतीत शिथिल होते, असे आम्ही कोठे वाचलेले नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. १९२९ साली जॉन्सनने व्हर्जिनिया ट्रॅव्हिस या मुलीशी लग्न केले. एप्रिल १९३० मध्ये बाळंतपणात ती व बाळ दोघेही गेली. ती सोळा वर्षांची होती. तिच्या धर्मनिष्ठ आप्तांनी या मृत्यूचा दोष त्याच्या ऐहिक गाण्यांना दिला, असे त्याचे चरित्रकार नोंदवतात. ईयोबाचे मित्र अशाच वेळी येतात. त्यांना कारण माहीत असते. अठरा वर्षांच्या विधुराला मंडळीने हे सांगितले असेल, तर पुढे तो मंडळीच्या दारातून आत आला नाही याचे नवल का वाटावे? आणि त्याच्या स्वतःच्या मृत्यूच्या दाखल्यात कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे? डॉक्टर नव्हता, एवढेच. सैतानाने नेले, असे आम्ही माडीवरून सांगितले. डॉक्टर मिळाला नाही, असे सरकारी कागद सांगतो.

येथे त्या तरुणाच्या चिंचेचा विचार करणे प्राप्त आहे, कारण प्रश्न त्याचा होता. हजिरा भागात महंमद घौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात तानसेनाची समाधी आहे. तिच्याजवळच्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो, ही समजूत पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. धर्मशिक्षक म्हणून आम्ही या समजुतीचे समर्थन करणार नाही. तरीही तिच्यात आणि चौरस्त्याच्या कथेत एक भेद दिसतो. चिंचेची समजूत शिकणाऱ्याला एका पूर्वसूरीच्या पायाशी नेऊन बसवते. चौरस्त्याची कथा त्याला साऱ्या पूर्वसूरींपासून तोडते. ग्वाल्हेरातील दुसरी प्रसिद्ध दंतकथाही पाहावी. दौलतराव शिंदे यांच्या दरबारी बडे महंमद खाँ गात. त्यांचे गाणे हद्दू खाँ व हस्सू खाँ या बंधूंनी आडून ऐकून उचलले, असे सांगतात. कथेत कपट आहे, हे खरे. पण कपट करूनही जे मिळाले ते ऐकून व घोटून मिळाले, हे कथा विसरत नाही. त्याच हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्यापाशी ग्वाल्हेरास येऊन बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) शिकले आणि त्यांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली. बाळकृष्णबुवांनी घर सोडले, वणवण केली, गुरुसेवा केली. त्यांच्या कष्टांची आठवण मराठी माणूस आदराने काढतो. आइक झिमरमनच्या शिष्याचे कष्ट मात्र आम्हांला सैतानाचे काम वाटले. याचे कारण संगीतात नाही, आमच्यात आहे.

बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांची दृष्टी बालपणी फटाक्याच्या दारूने अधू झाली, आणि कीर्तनकाराच्या या मुलाला मिरजेस गाणे शिकण्यास पाठवण्यात आले. १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून त्यांनी जे केले ते सर्वश्रुत आहे. ज्यांना दुसरे काम मिळणार नाही त्यांना वाद्य मिळे, हे अमेरिकेतही तसेच होते. ब्लाइंड लेमन जेफरसन, ब्लाइंड विली जॉन्सन, गॅरी डेव्हिस ही तीनही नावे अंधांचीच. जन्मांध माणसाला पाहून पाप कोणाचे, असे शिष्यांनी प्रभूला विचारले होते. टेक्सासच्या व कॅरोलायनाच्या रस्त्यांवर या लोकांच्या पत्र्याच्या पेल्यात नाणे टाकणाऱ्यांच्या मनातही तोच प्रश्न असावा.

या वादकांना धर्म आणि अधर्म अशा दोन कप्प्यांत घालणे किती कठीण आहे, याचा पुरावा ध्वनिमुद्रिकांच्या लेबलांवरच सापडतो. विस्कॉन्सिन राज्यातील खुर्च्या बनवणाऱ्या एका कंपनीने पॅरामाउंट नावाने ध्वनिमुद्रिका काढण्याचा उद्योग चालवला होता. (फोनोग्राफची कपाटे विकायची तर त्यांत घालायला तबकड्याही हव्यात, असा तो सरळ हिशेब.) त्या कंपनीने ब्लाइंड लेमन जेफरसनची धार्मिक गीते डीकन एल. जे. बेट्स या नावाने विकली. चार्ली पॅटन हा डेल्टा प्रदेशातील सर्वांत प्रभावी वादक. त्याची भक्तिगीते १९२९ साली एल्डर जे. जे. हॅडली या नावाने बाजारात आली. गळा एकच, गिटार एकच, नावे दोन. शनिवारी रात्रीच्या गिऱ्हाइकाला रविवार सकाळचे नाव दिसू नये आणि रविवारच्या गिऱ्हाइकाला शनिवारचे, अशी ही व्यवस्था. आम्ही पॅटनची दोन्ही प्रकारची गीते एकापाठोपाठ ऐकली. शब्द काढून टाकले तर कोणते एल्डर हॅडलीचे आणि कोणते पॅटनचे, हे आम्हांला सांगता येईना.

सन हाउसची कहाणी या दोन नावांमध्ये फाटलेल्या माणसाची आहे. उपदेशक असताना तो गिटारला हात लावणे पाप समजे. पंचविशीत बाटलीच्या मानेने वाजवलेली गिटार त्याच्या कानी पडली आणि तो त्या सुराच्या मागे गेला. पुढे एका भांडणात त्याच्या हातून मनुष्य मारला गेला व त्याला पार्चमनच्या तुरुंगशेतीवर जावे लागले. १९३० साली त्याने जी मोजकी गीते ध्वनिमुद्रित केली त्यांतील एकात उपदेशकांच्या सुखासीन जीवनावर असा बोचरा टोमणा आहे की आम्ही तो ऐकताना खुर्चीत सावरून बसलो. १९४३ नंतर तो रॉचेस्टरला स्थायिक होऊन विस्मृतीत गेला. १९६४ साली काही तरुणांनी त्याला शोधून काढले, तेव्हा त्याचे जुने वादन त्यालाच नव्याने शिकावे लागले. त्यानंतरच्या मैफलींत तो मध्येच थांबून प्रवचन करू लागे, आणि गिटार बाजूला ठेवून नुसत्या टाळ्यांवर प्रकटीकरणकर्त्या योहानाचे गीत म्हणे. तो मद्याच्या आहारी गेलेला होता. त्याच्या जीवनाचे उदात्तीकरण करण्याची आमची इच्छा नाही. या मंडळींपैकी अनेकांनी बायकांना दिलेले दुःख त्यांच्याच गीतांत उघडे पडते, व ते ऐकताना मन विटते. परंतु हाउसचा आवाज ऐकताना पदच्युत धर्मसेवक काय गमावतो हे जसे कळते, तसे चरित्रसाधनेवरील कोणत्याही व्याख्यानात आम्हांला कळले नव्हते.

रॉबर्ट विल्किन्स यांचा मार्ग निराळा. १९२९ साली त्यांनी एक ब्लूज ध्वनिमुद्रित केले होते. १९३० च्या दशकात त्यांनी ब्लूज सोडले, आणि पुढे ते चर्च ऑफ गॉड इन क्राइस्ट या मंडळीचे धर्मसेवक झाले. या मंडळीने गिटारला दारातच अडवले नव्हते, हे ध्यानात घ्यावे. १९६४ साली त्यांनी तेच जुने गीत पुन्हा ध्वनिमुद्रित केले. गिटारचा तोच धरून ठेवलेला ठेका, पण शब्द उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे. १९६८ मध्ये रोलिंग स्टोन्स या इंग्रज वाद्यवृंदाने ते गायले आणि जगभर ते पोहोचले. आम्हांला विल्किन्स यांची दुसरी आवृत्ती पहिलीपेक्षा श्रेष्ठ वाटते, आणि ती धार्मिक आहे म्हणून नव्हे. पहिल्या गीतात घर सोडून दुखावलेला मुलगा होताच. दृष्टान्ताने त्याला परत येण्यासाठी बाप दिला. गीताचे धर्मांतर असेही होऊ शकते. आपल्या मंडळीत नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन आणले तेव्हा त्यांनी दुसरे काय केले?

या सर्वांत ज्याच्यापाशी आम्ही अधिक काळ थांबलो तो ब्लाइंड विली जॉन्सन. रॉबर्टचा हा केवळ आडनावबंधू. जन्म १८९७, टेक्सास. १९२७ ते १९३० या काळात कोलंबिया कंपनीसाठी त्याने ३० गीते ध्वनिमुद्रित केली व त्यांतील एकही ऐहिक नाही. मात्र गिटार पूर्णपणे ब्लूजची. ३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलस येथे पहिल्याच बैठकीत त्याने एक रचना वाजवली. तिचे शीर्षक काळोखी रात्र व गार जमीन यांविषयी आहे. सव्वातीन मिनिटांच्या या रचनेत एकही शब्द नाही. आधी गिटार एक लहानसा आलाप घेते, पाते तारेवर थरथरत सुराच्या अलीकडे थांबते, मग पोहोचते. त्यानंतर गळा केवळ गुणगुणतो, कण्हतो. आम्ही प्रथम ऐकले तेव्हा ही रचना निराकार वाटली. दहाबारा वेळा ऐकल्यावर तिची घडण दिसली. जेथे स्तोत्रपुस्तके नव्हती, किंवा वाचता येत नव्हते, त्या मंडळ्यांत अगुवा एक ओळ सांगे व सारी मंडळी ती संथ लयीत ओढून म्हणे. येथे गिटार अगुवा झाली आहे आणि विलीचा एकटा गळा मंडळी झाला आहे. ज्यांनी खेड्यापाड्यांतील उपासनांत एका पुस्तकावर चाळीस जणांना गाताना ऐकले आहे, त्या आमच्या धर्मशिक्षक बंधूंना हे आमच्यापेक्षा लवकर उमगेल.

शब्द नसले तरी ते कोणते, हे त्याच्या श्रोत्यांना माहीत होते. मूळ स्तोत्र अठराव्या शतकातील इंग्रज धर्मगुरू थॉमस हॉवीस यांचे, आणि विषय गेथशेमाने बागेतील प्रभूची रात्र. हेच हॉवीस लंडन मिशनरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. या सोसायटीच्या मिशनऱ्यांनी पुढे आपल्या बेळगावातही काम केले. एका संस्थापकाचे स्तोत्र गुलामांच्या वंशजांनी आपलेसे करावे, त्यातील शब्द झिजून जावेत आणि केवळ कण्हणे उरावे, हा प्रवास कोणत्याही मिशनच्या इतिहासात नोंदलेला नाही.

१९७७ साली व्हॉयेजर ही दोन याने अंतराळात सोडण्यात आली. पृथ्वीवरील संगीताचा नमुना म्हणून त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी ठेवलेली आहे. तीत ब्लाइंड विलीची ही रचना आहे. आणि मराठी वाचकाला हे ठाऊक असायला हवे की, तिच्या लगेच आधी आपल्या गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. अल्लादिया खाँसाहेबांच्या या शिष्येचा जन्म ज्या कलावंत समाजात झाला, त्या समाजातील स्त्रियांच्या गाण्याला आपल्या प्रतिष्ठित घरांनी फार काळ कोणती विशेषणे लावली होती, हे येथे सांगत बसत नाही. आता त्या दोघांचे स्वर एकमेकांच्या शेजारी सूर्यमालेपलीकडे चालले आहेत. व्हॉयेजर-१ ने २०१२ साली आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला.

मात्र एक तक्रार नोंदवतो. या तबकडीच्या निवडमंडळाचे प्रमुख कार्ल सेगन यांनी विलीच्या रचनेत रात्रीच्या वेळी आसरा नसलेल्या मानवाची व्यथा ऐकली. ऐकणे चुकीचे नाही. विली बेघर झालाच. त्याचे घर जळाले, त्या भिजलेल्या राखेत तो झोपत राहिला आणि १८ सप्टेंबर १९४५ रोजी बोमाँट येथे हिवतापाने मरण पावला. रुग्णालयाने त्याला दाखल करून घेतले नाही, असे त्याच्या पत्नीने सांगितले. पण ती रात्र केवळ त्याची नव्हती. त्या अंधारात जमिनीवर पडून घाम गाळणारा दुसरा कोणी आहे, हे त्याच्या मंडळीला ठाऊक होते. म्हणूनच ते कण्हणे निराशेत बुडत नाही. आधुनिक रसिकाने गिटार ठेवली आणि गेथशेमाने काढून टाकली. आम्ही माडीवर नेमके उलट केले होते. दोघांनाही अर्धाच विली हाती लागला.

शिकागोत थॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) हा पियानोवादक होता. टॅम्पा रेड या गिटारवादकाबरोबर जॉर्जिया टॉम या नावाने त्याने १९२८ साली एक उघडउघड चावट गाणे गाजवले होते. ऑगस्ट १९३२ मध्ये तो परगावी असताना त्याची पत्नी बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेले. रॉबर्ट जॉन्सनवर दोन वर्षांपूर्वी आलेला प्रसंग आणि हा प्रसंग यांत तिळमात्र फरक नाही. डॉर्सी मात्र तेव्हा एका मंडळीच्या गायनवृंदात काम करीत होता. त्याच्या शेजारी बसणारी माणसे होती. त्या दुःखातून त्याने प्रभूला हात धरण्याची विनंती करणारे जे गीत रचले ते आज जगभरच्या मंडळ्यांत गायले जाते. त्याच्या गीतांतील ब्लूजचा लहजा ओळखून सुरुवातीस अनेक मंडळ्यांनी त्याला बाहेरची वाट दाखवली होती, हेही त्यानेच सांगून ठेवले आहे.

आमच्या ग्वाल्हेरात गिटार परकी आणि पेटी आपली असा वाद काही ज्येष्ठ सभासद अजून घालतात. पेटीही युरोपातून आली, आणि याच शहरातील भैया गणपतरावांनी तिच्यावर ठुमरी वाजवून ती हिंदुस्थानी केली, एवढे त्यांना सुचवून पाहिले. फारसा उपयोग झाला नाही. त्यांना आम्ही एक ध्वनिमुद्रण ऐकवले. सप्टेंबर १९९२ मध्ये जयपूरचे विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी पूर्वतयारीवाचून एकत्र वाजवले. कूडर यांनी १९८४ साली एका चित्रपटाचे संगीत ब्लाइंड विलीच्या त्याच शब्दहीन रचनेवर बांधले होते. भट्ट यांची मोहनवीणा म्हणजे तारा वाढवलेली व सळईने वाजवायची गिटारच. चाकूची मींड व वीणेची मींड तेथे समोरासमोर बसल्या. ज्या खोलीत हे घडले ती कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील सेंट अँथनीज सेमिनरीची प्रार्थनागृहाची खोली होती. ज्येष्ठांपैकी एकाने ते पुन्हा लावायला सांगितले.

गेल्या महिन्याच्या सभेत आम्ही आमचा दाखला मागे घेतला. झिमरमनचे नाव सांगितले, दफनभूमीतील सराव सांगितला, व्हर्जिनियाची हकीगत सांगितली, आणि आमची चूक झाली असे स्पष्ट शब्दांत म्हटले. तो तरुण जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला होता, गिटारशिवाय. त्याची आजी मात्र पुढे सतरंजीवर होती. सारे ऐकून झाल्यावर तिने एवढेच विचारले, "फादर, त्या सोळा वर्षांच्या पोरीच्या मयताला तुमच्यापैकी कुणी गेलं होतं का?"